आहेर सरांची 'हात खाली' मोहीम

"पोरांना साथीचे नियम शिकवायचे ना? माझ्यावर सोडा! आठ दिवसांत कॉलेजात एक बोट डोळ्याकडे जाणार नाही!" प्राचार्यांच्या टेबलावर मूठ आपटून प्रा. पुंजाराम आहेर म्हणाले.

साल एक्क्याऐंशी. नाशकात डोळ्यांची अशी साथ आली होती की गंगापूर रोडवर निम्मी माणसं काळा चष्मा लावून फिरत होती. दूधवालासुद्धा गुप्तहेर वाटायचा! कॉलेजची पोरं मात्र बेफिकीर. एकच रुमाल अख्ख्या बाकावर फिरायचा.

खरं तर आहेर सरांना साथीची तेवढी काळजी नव्हती. काळजी होती सलाउद्दीन अन्सारीची! हा येवल्याचा तरुण प्राणिशास्त्र शिकवायला येऊन दोन वर्षं झाली नव्हती, आणि गुळाला मुंग्या लागाव्यात तशी पोरं त्याच्याभोवती. अर्थशास्त्राच्या आहेर सरांना पोरं नमस्कार करायची, तोही जिन्यात वाट अडली तर!

त्यात अन्सारीनं साथीवर आधीच शक्कल काढली होती. पोरांच्या नखांतला मळ काचेवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ज्याचा त्याला दाखवायचा. बघणारा "अयाऽऽई!" करत थेट नळावर! रांग सायकल स्टँडपर्यंत. आहेर सरांनी त्याच वेळेला 'साथ आणि राष्ट्रीय उत्पन्न' असं व्याख्यान ठेवलं. सात जण आले. त्यातले तिघे ओझरच्या बसला वेळ होता म्हणून बसलेले. म्हणून तर ती मूठ आपटली होती!

दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गावर्गात जाऊन जाहीर केलं, "कुणाचाही हात डोळ्याकडे गेला की ओरडायचं, 'हात खाली!' लहान-मोठा बघायचा नाही. जो पहिला ओरडेल त्याची एक गैरहजेरी माफ!"

गैरहजेरी माफ! मग काय, वणवाच पेटला. पोरं एकमेकांच्या हातांवर घारीसारखी नजर ठेवू लागली. कँटीनमध्ये, जिन्यात, वर्गात नुसतं "हात खाली!" पोस्टमन बिचारा कपाळाचा घाम पुसायला गेला, तो टपाल टाकून पळाला.

"आहेर सर, मानलं तुम्हाला!" अन्सारी स्वतः येऊन म्हणाला. "काल पोरांनी लॅबमध्ये मलाच थांबवलं."

अगदी मनापासून म्हणाला. तेच सरांना जास्त झोंबलं. हरलेल्या माणसानं जरा तरी तोंड कडू करावं की नाही?

शनिवारी ग्रंथपाल मालनबाईंचा निरोप समारंभ होता. सभागृह गच्च भरलेलं. बाई बोलायला उभ्या राहिल्या. "तुम्ही सगळी माझीच लेकरं..." म्हणता म्हणता त्यांचा पदर डोळ्यांकडे गेला.

"हात खाली!!"

चारशे गळे एकदम! बाईंचा पदर सुटला, हुंदका घशातच अडकला. प्राचार्य गडबडून चष्मा सावरायला गेले. "हात खाली!" त्यांनी संतापून पोरांना गप्प करायला हात वर केला. "हात खाली!!!" पहिला कोण ओरडला यावरून मागच्या बाकांवर मारामारी जुंपली. मालनबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि पुसायची चोरी! त्या आता खरोखरच रडू लागल्या.

तेवढ्यात अन्सारी उठला. लॅबमधून कापसाचा डबा घेऊन व्यासपीठावर गेला.

"बाई, कापूस स्वच्छ आहे. डोळे पुसा आणि इथं टाका." मग पोरांकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही बसा रे. साथ आली म्हणून माणसानं रडूही नये की काय?"

पोरं खाली बसली. मग टाळ्याच टाळ्या!

"बाळा, तू होतास म्हणून रे!" मालनबाई म्हणाल्या.

बाळा! आहेर सरांच्या काळजात कट्यार गेली. इतकी वर्षं त्यांच्याकडून पुस्तकं नेली, पण बाई कधी साधं 'बसा' म्हणाल्या नव्हत्या!

सगळे चहाला गेले, तसे सर गुपचूप लॅबमध्ये शिरले. आहे तरी काय त्या यंत्रात, की पोरं वेडी व्हावीत? एक डोळा मिटून त्यांनी दुसरा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला घट्ट लावला. मग तो मिटून पहिला लावला. अंधार!

"सर, सर, थांबा!" अन्सारी दारातून ओरडला. "मघाशी बघून गेलेल्या पोराचे डोळे आलेत! नळी अजून स्पिरिटनं पुसायचीय. पाटी लावलीय की!"

पाटी होती. 'डोळा लावू नये.' पण डोळा लावलेल्या माणसाला पाटी कशी दिसणार?

सोमवारी दोन्ही डोळे टोमॅटोसारखे! सर घरात कोंडून पडले. चौथ्या दिवशी चार विद्यार्थी आले. फाटकाबाहेर, हात मागे बांधून, अंतर राखून उभे राहिले.

"वा! नियम पाळता तर!" सर खिडकीतून म्हणाले.

"सगळं कॉलेज पाळतंय, सर. अन्सारी सर तुमचंच उदाहरण देतात ना!"

"माझं?"

"नळी न पुसता डोळा लावला तर काय होतं, त्याचं. आता स्पिरिट कुणी विसरत नाही."

सरांनी खिडकीतून मान बाहेर काढली. मग हळूच विचारलं, "नाव घेतात माझं?"

"घेतात म्हणजे? फळ्यावर लिहितात! पूर्ण. प्राध्यापक पुंजाराम आहेर."

सर चाचपडत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"अगं, ऐकलंस का?" ते बायकोला म्हणाले. "अन्सारीच्या फळ्यावर माझं नाव आहे!"