भानोसे वकिलांची थरथर

भानोसे वकील कोर्टात उभे राहिले की त्यांच्या आधी टेबलावरचा पेला बोलायला लागायचा. स्टीलचा पेला आणि त्यावर स्टीलचीच झाकणी. वकिलांची बोटं टेबलाला टेकली की झाकणी किणकिणायची. मग शिपाई सवयीने पुढे होऊन पेला उचलायचा आणि खिडकीत नेऊन ठेवायचा. न्यायाधीश साहेब मान वर न करताच म्हणायचे, "बोला, भानोसे."

मी तेव्हा नाशिकच्या कोर्टाच्या आवारात टायपिंग करायचे. नव्वद सालानंतरची गोष्ट. झाडाखाली टेबल, त्यावर मराठीचं मशीन, आणि पाऊस आला की मशीन छातीशी धरून व्हरांड्यात पळायचं, अशी माझी नोकरी. येणारा प्रत्येक वकील मला माहीत होता. त्यात सगळ्यात भित्रा वकील कोण, हे तर चहावाल्यालाही माहीत होतं.

भानोसे साहेबांना कशाची भीती वाटत नव्हती ते सांगणं सोपं. मांजर, फटाके, लिफ्ट, स्कूटर, फौजदार, न्यायाधीश, झालंच तर स्वतःचे पक्षकार, सगळ्यांची त्यांना धास्ती. चहा समोर आला तरी म्हणायचे, "गरम दिसतोय. भीती वाटते हो." सीबीएस बसस्टँडसमोरचा रस्ता ओलांडायचा असला की एखादी म्हातारी येईपर्यंत कडेला थांबायचे आणि तिच्याबरोबर निघायचे. लोक म्हणायचे, बघा, वकील असून म्हातारीला हात देतात. जवळून पाहिलं तर म्हातारीच त्यांना नेत असायची.

कागदाची भीती मात्र सगळ्यांत मोठी. कुठलाही कागद ते तीनदा वाचायचे, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मी टाईप केलेला अर्ज घेऊन ते परत यायचे. "ताई, इथे 'व' आहे की 'वा'?"

"'व' आहे, साहेब."

"मला 'वा' हवा होता. एका कान्याने माणूस आत जातो हो."

मी मनातल्या मनात चरफडत नवीन कागद चढवायचे. बाकीचे टायपिस्ट हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी फुलकोबीच्या हंगामात माझ्या धाकट्या भावाला, रमेशला, पोलिसांनी नेलं.

आम्ही मखमलाबादच्या बाजूचे. मळ्यात भाजी आणि झेंडू. रमेशचा निळा टेंपो होता. आमचा आणि शेजारच्यांचा माल घेऊन तो नाशिकच्या मार्केटला जायचा, बाजाराच्या दिवशी घोटीला जायचा. घोटीजवळ तांदळाच्या एका गोदामावर दरोडा पडला होता. राखणदाराला मारहाण करून त्याचं घड्याळ नेलं होतं. राखणदाराला एवढंच आठवत होतं की टेंपो निळा होता. चार दिवसांनी सकाळी दोन हवालदार मळ्यात आले. रमेश कोबीच्या पाट्या चढवत होता. "चौकशीला चल. तासाभरात सोडतो," म्हणाले. त्याने पायात चपलासुद्धा घातल्या नाहीत. टेंपोही त्यांनी जप्त करून नेला. तो तास अकरा महिन्यांनी संपला.

कोर्टात मी सहा वर्षं बसत होते. कितीतरी लोकांचे जामीनअर्ज याच बोटांनी टाईप केले होते. पण दुपारी रमेशला दोरीने बांधून व्हरांड्यातून नेताना पाहिलं आणि मला समोरच्या कळा दिसेनात. 'क' कुठे आहे तेच कळेना. रमेशने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. जसं काही त्याने खरंच केलं होतं.

मामांनी धावपळ करून एक बड्या आवाजाचा वकील दिला. तो न्यायाधीश साहेबांपुढे उभा राहिला, टेबलावर हात आपटला आणि म्हणाला, "माझा अशील सुरेश निर्दोष आहे."

"रमेश," मी मागून म्हटलं.

"तेच ते," तो म्हणाला.

रमेशला सात दिवसांची पोलीस कोठडी मिळाली. बडा वकील दुसऱ्या कोर्टात निघून गेला. मी मशीनपाशी येऊन बसले. ते सात दिवस कसे असतात, ते मी अर्जांमधून टाईप केलेलं होतं. त्यामुळे मला ठाऊक होतं आणि आईला नव्हतं. आई विचारत होती, तिथं त्याला भाकर देत असतील का. मी हो म्हणत होते.

चौथ्या दिवशी भानोसे साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. 

"ताई, भावाचे कागद मला द्याल का?"

 खरं सांगायचं तर मला नको होते ते. आपल्या भावासाठी पेला वाजवणारा वकील कुणाला हवा असतो?

"मी केस मागत नाही," ते घाईने म्हणाले. "नुसते वाचतो."

मी कागद दिले, कारण ते घ्यायला दुसरं कोणी आलं नव्हतं.

जामीन दोनदा फेटाळला गेला. रमेश नाशिकरोडच्या तुरुंगात गेला. मळ्याकडे येणारे लोक कमी झाले. आमच्या झेंडूचे हार नेणारी शेजारीण आता दुसरीकडून फुलं घ्यायला लागली, आणि समोर आली की पदर सारखा करत भलतीकडे बघायची. आई दारात कुणाची गाडी थांबली की आत जाऊन बसायची. मलाही तसंच व्हायला लागलं. आवारात खाकी कपडा दिसला की हातातला कागद गळून पडायचा. भानोसे साहेबांची थरथर मला तेव्हा पहिल्यांदा कळली, आणि त्यांच्यावर हसलेलं सगळं हसू तोंडात कडू झालं.

एका रविवारी ते आमच्या घरी आले. बसने आले आणि फाट्यापासून चालत. दारात शेळी बांधलेली होती, ती आईने गोठ्यात नेईपर्यंत ते बांधावर थांबले. आईने मला बाजूला घेतलं. "ह्यो आपल्या रम्याला सोडवणार व्हय? ह्यो शेळीला भ्यातो."

ते आत आले. पाणी प्यायले नाहीत, बसले नाहीत. वर पत्र्याकडे बघत राहिले. एक खोली, पुढे ओसरी, वर पत्रा. बघण्यासारखं काही नव्हतं.

"आई, तुमचा माळा कुठे आहे?"

"मळा? त्यो काय, समोर पसरलाय की अख्खा."

"मळा नाही. माळा. काना आहे."

"माळा आणि आमच्या घराला? पत्र्याला डोकं लागतंय, माळा कुठला घालू?"

साहेबांनी पिशवीतून पंचनामा काढला. राखणदाराचं घड्याळ पोलिसांना आमच्याकडे कसं सापडलं त्याचा तो कागद. बोट ठेवून हळूहळू वाचलं, "आरोपीने स्वतः शिडी लावून घराच्या माळ्यावरून सदर घड्याळ काढून दिले."

मी तो कागद तीस वेळा तरी वाचला असेल. प्रत्येक वेळी 'मळा' असंच वाचलं होतं. आम्ही मळेकरी माणसं. डोळ्याला दुसरा शब्द माहीतच नव्हता. शिडी दिसली होती, पण पोलिसांच्या कागदात शिडी कशाला, असा विचार करण्याइतकं डोकं ठिकाणावर कुठे होतं?

"म्हणजे पोलीस घड्याळ शोधायला इथे आलेच नव्हते," मी म्हटलं.

"हळू बोला," साहेब म्हणाले आणि दाराकडे बघितलं.

तरी पुढे सात महिने गेले. तारीख पडायची, साक्षीदार यायचा नाही, पुन्हा तारीख. मधे एकदा आम्ही तुरुंगात भेटीला गेलो तेव्हा रमेश जाळीपलीकडून म्हणाला, "ताई, कबूल करून टाकू का? आतले लोक म्हणतात, लवकर सुटशील. मला आता कंटाळा आलाय गं." कंटाळा हा शब्द त्याने वापरला, पण तो कंटाळा नव्हता. त्याच्या गालाची हाडं वर आली होती. मागे कुठे दार आपटलं की तो खांदे आवळून घ्यायचा.

 भानोसे साहेब जाळीजवळ सरकले. "रमेश, मला रोज सकाळी उठल्यापासून भीती वाटते. सवयीने तिच्याबरोबर राहता येतं. पण न केलेलं कबूल केलंस ना, तर लाज वाटेल. तिच्याबरोबर नाही राहता यायचं. थोडा थांब. मी वाचतोय."

"वाचून काय होतं, साहेब?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "पण मी वाचतोय."

मला वाटलं, हा माणूस जरा खोटं तरी बोलेल. नाही बोलला. पण रमेश थांबला.

शेवटी पंच साक्षीला उभा राहिला. गळ्यात रुमाल, पिंजऱ्यात घरच्यासारखा रेलून. मी त्याला ओळखत होते. निदान वीस पंचनाम्यांत त्याचं नाव मी टाईप केलं असेल. भानोसे साहेब उठले. पेला वाजला. शिपायाने तो उचलला.

"तुम्ही... तुम्ही घरात गेला होतात?"

"गेलो होतो."

"आरोपी माळ्यावर चढला?"

"चढला. शिडी लावली आणि चढला."

"शिडी किती उंच होती?"

"असेल की आठ फूट."

"तुम्हीही चढलात?"

"अर्धा चढून बघितलं."

"वर काय होतं?"

पंचाने क्षणभर विचार केला. "कांदे होते. पसरून ठेवलेले."

सरकारी वकील उठले. लेखनिकाची चूक असेल, मळ्याचं माळा झालं असेल, म्हणाले. न्यायाधीशांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "भानोसे, किती लांबवणार? बसा आता."

भानोसे साहेबांचा चेहरा पांढरा पडला. दोन्ही हातांनी त्यांनी टेबल धरलं. टेबलच हलायला लागलं. मला वाटलं, आता बसतात. मी डोळे मिटून घेतले.

"साहेब, माफ करा. बसता येत नाही. एकच प्रश्न राहिलाय." मग पंचाकडे वळून म्हणाले, "मळ्यात जायला शिडी लागते का हो?"

मागे कुणीतरी हसलं. पंच हसला नाही. तो फौजदारांकडे बघायला लागला. मग भानोसे साहेबांनी घराचे फोटो पुढे ठेवले. ग्रामसेवकाला बचावाचा साक्षीदार म्हणून बोलावलं. या घराला माळा नाही आणि कधी नव्हता, असं त्याने शपथेवर सांगितलं. रमेशला ओळखता येईल का, असं राखणदाराला विचारलं तर तो म्हणाला, टेंपो ओळखीन, माणूस नाही.

निकालाच्या दिवशी 'निर्दोष' हा शब्द ऐकला तेव्हा आई शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईच्या पाया पडली. भानोसे साहेब कागद गोळा करत होते. एक पान टेबलाखाली पडलं होतं, ते वाकून शोधत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नाशिकरोडला तुरुंगाच्या दारात उभे होतो. कागद पोचायला, सह्या व्हायला वेळ लागतो म्हणून साहेबही आले होते. मी समजले, आमच्यासाठीच. पण ते भेटीच्या खिडकीपाशी गेले, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि आत गेले. तिथल्या शिपायाने काही विचारलंही नाही. अर्ध्या तासाने परत आले.

"कोण आहे आत, साहेब?"

"लहानू. सुरगाण्याकडचा. माझी पहिली मोठी केस." ते जरा थांबले. "त्याने काही केलेलं नव्हतं. एक प्रश्न विचारायचा राहिला. साहेबांनी बसा म्हटलं आणि मी बसलो."

मी रमेशसाठी आणलेलं पाणी त्यांच्यापुढे धरलं.

"आई होती त्याची, ती गेली. तिकडून कोण येणार? महिन्यातून एकदा मी येतो. नऊ वर्षं झाली. तो काही बोलत नाही त्याबद्दल. मलाच विचारतो, साहेब, बारीक झालात, जेवता का वेळेवर? घरी विचारणारं कोणी नाही माझ्या. त्यामुळे मीही सगळं सांगत बसतो. काल काय जेवलो, डोळ्याचा नंबर वाढला, असलंच."

"सुटणार कधी?"

"उन्हाळ्यात. शिक्षा भरली त्याची." ते हसले. "चांगलंच झालं. फार चांगलं झालं." मग रस्त्याकडे बघत बसले.

तेवढ्यात छोटं दार उघडलं आणि रमेश बाहेर आला. आईने त्याला धरलं ते सोडेचना. तो मात्र गप्प. पाणी दिलं, प्यायला. चपला आणल्या होत्या, घातल्या.  आम्ही रिक्षाची वाट बघत बाकावर बसलो. एका टोकाला रमेश, दुसऱ्या टोकाला साहेब.

बऱ्याच वेळाने साहेबांनी मला विचारलं, "ताई, उन्हाळ्यानंतर लहानूकडे जायचं तर सुरगाण्याला जीपाच जातात ना हो? घाट आहे म्हणे वाटेत. परतीची गाडी उजेडात मिळते का?"

मला माहीत नव्हतं. मी तसं सांगणार तेवढ्यात रमेश बोलला. आवाज बसलेला होता.

"टेंपो सुटू द्या, साहेब. मी नेतो तुम्हाला. हळू चालवीन."