मगदूम अण्णांचा प्रिंटर

आमच्या शेजारचे मगदूम अण्णा फोटो न्यायला आलेल्या माणसाला आधी खिडकीत उभं करतात. पाणी नंतर विचारतात. हातातला नुकताच छापलेला, अजून ओलसर असलेला त्याचा फोटो ते त्याच्या गालाशेजारी धरतात, एक डोळा मिटतात, मान मागे घेतात आणि म्हणतात, "पिवळा जरा कमी पडलाय." हे ते फोटोबद्दल बोलत असतात, पण समोरचा माणूस डॉक्टरने काहीतरी सांगितल्यासारखा गप्प होऊन खुर्चीत बसतो. माझ्यावर हा प्रसंग किती वेळा आला ते मी आता मोजत नाही. "सर, उजेडात या" अशी कुंपणापलीकडून हाक आली की माझा चहा तसाच राहतो आणि डोकं सणकतं.

अण्णा कोयनानगरला वीजकेंद्रात तीस-बत्तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. निवृत्त होऊन सांगलीला विश्रामबागेत राहायला आले तरी कोयनानगर त्यांच्या अंगातून गेलं नाही. घरातलं प्रत्येक कपाट भिंतीला नायलॉनच्या दोरीने बांधलेलं आहे. प्रिंटरसुद्धा टेबलाला बांधलेला आहे. "अहो, सांगलीत कुठला आलाय भूकंप?" असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाले, "त्यो काय इचारून येतो व्हय?" त्यांच्या पत्नी कुसुमकाकू पाच वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा परदेशात असतो. त्यानेच एका सुट्टीत कॉम्प्युटर, शाईच्या चार टाक्यांचा प्रिंटर आणि फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं, आणि वडिलांचं मन रमेल म्हणून समाधानाने निघून गेला. त्याला काय, तो तिकडे आहे. भोगतो आम्ही.

कारण अण्णा फोटो फुकट छापून देतात, आणि जसा आहे तसा छापतात. हा दुसरा भाग लोकांना आधी कळत नाही. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो करून मागितला. अण्णांनी असा काढून दिला की कलपाची जांभळट झाक कानशिलापर्यंत स्पष्ट दिसत होती. सेक्रेटरी म्हणाले, हे जरा काळं करा. अण्णा म्हणाले, "ते न्हाव्याला सांगा, मला न्हाई." तेव्हापासून सेक्रेटरी मागच्या गल्लीतून घरी जातात.

माझंही तेच. कॉलेजात माझा सत्कार होता, म्हणून फोटो हवा होता. मी भूगोल शिकवतो आणि माझ्या डोळ्यांखाली बऱ्यापैकी उंचसखल भाग आहे, हे मला मान्य आहे. पण तो ए-फोर कागदावर चकचकीत छापून यायची काही गरज नव्हती. मी म्हणालो, "अण्णा, ते एका फटक्यात जातं ना तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये?" "जातं की," ते म्हणाले. "पर ह्या पिशव्या तुमच्याच हायत, सर. कॅमेऱ्यानं केलेली चूक असंल तर काढतो. प्रिंटरनं केलेली काढतो. आईबापानं केलेल्या कामात आपण हात घालायचा न्हाई." एवढं बोलून त्यांनी माझ्या मानेवरचा तीळ, जो फोटोत नीट आला नव्हता, तो आणखी ठळक केला.

मोबाईलवर तर त्यांचा विशेष राग. तो फोटो काढतानाच परस्पर चेहरा गुळगुळीत करतो, हे त्यांना कळलं त्या दिवशी ते जेवले नसावेत. "न इचारता पांढरं करतंय वो. माणूस हाय का मैद्याचा गोळा?" एका लग्नात त्यांनी फोटोग्राफरला जेवणाच्या पंगतीतून उठवून नवरीच्या मानेचा आणि तोंडाचा रंग वेगळा का, असा जाब विचारला होता. आम्ही त्यांच्याबरोबर आलो होतो हे लपवता लपवता माझी जिलेबी राहिली.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण अण्णांनी माझ्या पोरीच्या लग्नात हात घातला, म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं.

स्नेहल कुपवाडला एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. रोज ऊन अंगावर घेत गाडीवरून जाते-येते. हुशार आहे, उंच आहे, आणि सावळी आहे. साताऱ्याचं एक स्थळ सांगून आलं. माणसं चांगली होती, मुलाशी फोनवर बोलायलाही तिला आवडलं होतं. मुलाच्या आईने एक साधा फोटो मागितला. साधा या शब्दाचा अर्थ प्रत्येक मुलीच्या आईला कळतो, तसा माझ्या बायकोलाही कळला. ती म्हणाली, "अण्णांना सांगा, थोडी उजळ करा. खूप नको. दिसेल न दिसेल अशी."

अण्णांनी सकाळी दहाच्या उन्हात आमच्या गच्चीवर स्नेहलचा फोटो काढला. दोन दिवस खपून छापला. गालाशी धरून तीनदा तपासला. फोटो सुरेख होता, हे कबूल करतो. स्नेहल त्यात अगदी बोलायला तोंड उघडेल अशी दिसत होती, आणि जशी आहे तेवढीच सावळी होती. मी सांगितलेलं त्यांनी कानाआड केलं होतं.

"अण्णा, थोडं उजळ करायचं ठरलं होतं," मी म्हणालो.

"तुमचं ठरलं होतं. माझं न्हाई."

"साताऱ्याची माणसं आहेत. पहिल्या फोटोवरच ठरवतात."

"साताऱ्याची?" अण्णा म्हणाले. "तिथं कंदी पेढा चांगला खरपूस भाजलेला मागून घेत्यात, आन् पोरगी तेवढी पांढरी पायजे व्हय?"

मी फोटो तिथेच टाकून घरी आलो. फुकट काम करणाऱ्या माणसाला शिव्या देता येत नाहीत, ही त्यातली खरी अडचण आहे. संध्याकाळी मी मोबाईलवरचाच एक फोटो घेऊन रस्त्यावरच्या एका स्टुडिओत गेलो. तिथल्या पोरीने चहा संपायच्या आत स्नेहलला इतकी गोरी केली की तिचे दात पिवळे दिसू लागले. मग दातही पांढरे केले. तो फोटो मी साताऱ्याला पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की मुलगी पसंत आहे, रविवारी बघायला येतो.

बायकोने पोह्यांचं सामान काढलं. स्नेहलने तो फोटो पाहिला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, रविवारी ही येणार आहे का मी बसू?"

मी तिला म्हणालो की सगळे असंच करतात. ती गाडीची किल्ली घेऊन कामावर गेली. पण जाताना तिने अण्णांना तो फोटो दाखवला असणार, कारण दहाव्या मिनिटाला अण्णा आमच्या बैठकीत उभे होते. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

"सर, ह्यो फोटो परत मागवा."

"अण्णा, माझ्या मुलीचं लग्न आहे. तुम्ही यात पडू नका."

"रविवारी ती मान्सं पोरीच्या तोंडाकडं बघत्याल, मग फोटोकडं बघत्याल, मग परत पोरीकडं. त्या बघण्याचं काय करणार हायसा तुमी?"

त्यांचं खरं होतं, म्हणूनच माझा तोल गेला. मी म्हणालो, "जगाचे फोटो तपासत फिरता. स्वतःच्या बायकोचा एक फोटो भिंतीवर लावणं झालं नाही तुमच्याकडून पाच वर्षांत. माणूस गेलं की लोक हार घालतात, तुम्ही तेवढंही केलं नाही. आणि मला शिकवता?"

बोललो आणि लगेच वाटलं की हे बोलायला नको होतं. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात जागच्या जागी थांबली. अण्णांनी खाली पाहिलं, आपल्या पायात चपला आहेत हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. "चला," ते म्हणाले, आणि निघाले. मी मागोमाग गेलो.

त्यांनी प्रिंटरच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि कागदांचा एक गठ्ठा खिडकीशी आणून ठेवला. सगळ्या कागदांवर एकच फोटो होता. विशीतली एक मुलगी, जुन्या स्टुडिओतल्या खुर्चीवर बसलेली, हातात प्लॅस्टिकची फुलं. नाक, हनुवटी बघून मी ओळखलं, कुसुमकाकू. फक्त प्रत्येक कागदावर त्यांचा रंग वेगळा होता.

"ह्यो तिचा दाखवायचा फोटो," अण्णा म्हणाले. "तिच्या वडलांनी स्टुडिओत गोरी करून, गालाला गुलाबी रंग लावून पाठवला होता. तवा ब्रशनं करायचे. मी कोयनानगरला होतो, बघायला जायला रजा मिळाली न्हाई, फोटोवरच होकार दिला. लग्नानंतर चार दिवसांनी मित्र आले घरी. ती पाणी घेऊन आली, आन् मी सगळ्यांसमोर म्हटलं, फोटोतली कुठं ऱ्हायली गं?"

त्यांनी गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती.

"सगळे हसले. ती पण हसली. त्यानंतर सर, ती फोटोला बसली न्हाई. कवाच न्हाई. कॅमेरा निघाला की चहा टाकायला आत जायची. पोराच्या बारशात म्हणा, वाढदिवसात म्हणा, सगळ्या फोटोंत तिचा पदर हाय, पाठ हाय. आधार कार्डावर हाय तेवढी, पर त्यात कुणीच सोताच्यासारखं दिसत न्हाई."

एका वाढदिवसाच्या फोटोत कडेला ताटली धरलेला काकूंचा हात आला होता. तो रंग घेऊन अण्णांनी जुन्या फोटोच्या चेहऱ्याला लावून पाहिला होता. "जमलं न्हाई. हात कामाचा होता, तोंडापेक्षा काळा पडलेला." मग ते आठवणीवर करत गेले. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलने बारीक अक्षरात शेरा होता. एकामागे 'लाल जास्त', एकामागे 'आजारातली', एकामागे 'चुलीपुढची'. एकामागे नुसतं 'नाही'.

"तुमी बघितलंय तिला," अण्णा म्हणाले. "ह्यातली कुठली?"

मी सात वर्षं त्या बाईच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळ्या खाल्ल्या होत्या. मी गठ्ठा दोनदा चाळला आणि मला सांगता आलं नाही. इतका वेळ माझ्यात जो राग होता तो आता माझ्यावरच आला. शेवटी मी एक कागद पुढे केला. अण्णांनी तो उन्हात धरला.

"ही संध्याकाळची," ते म्हणाले. "सकाळी अशी नसायची." मग म्हणाले, "मला वाटायचं, हसली म्हंजे विसरली असंल. विसरली असती तर एकदा तरी बसली असती की वो फोटोला. आवडायची मला ती, सर. हाय त्या रंगाची आवडायची. तेवढं सांगायचं ऱ्हायलं."

मी खिशातून फोन काढला आणि साताऱ्याला लावला. मुलाच्या आईला म्हणालो की पाठवलेला फोटो आमच्या मुलीचा नाही, म्हणजे तिचाच आहे पण तिच्यासारखा नाही, चूक माझी आहे, खरा फोटो पाठवतो आणि मग रविवारचं काय ते तुम्ही ठरवा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या "बरं" म्हणाल्या. त्या बरंचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

"फोनवर नका पाठवू," अण्णा म्हणाले. "त्यांच्या फोनचा उजेड कसा असंल कुणाला ठावं. कागद द्या."

"मग उद्या सकाळच्या एसटीने मी स्वतः जाऊन देतो," मी म्हणालो.

मी टाकून आलेला स्नेहलचा फोटो त्यांनी दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवला होता. तो बाहेर काढला, खिडकीत धरून एकदा नीट बघितला. मग उलटा केला, पेन्सिल घेतली, मागे 'बरोबर' असं लिहिलं आणि पाकिटात घालून माझ्याकडे दिला. काकूंचे कागद मी त्यांना गोळा करू लागलो. एकेक पालथा करून ठेवत होतो. तो शब्द त्यातल्या एकामागेही नव्हता.