झिबलाजीचा अकरावा मैल

आमच्या सडक ऑफिसातल्या झिबलाजी मुकादमाला तुम्ही शपथ घेऊन काहीही सांगा, तो आधी विचारणार, "मोजलं काय?"

कीर्तनात बुवा एकदा म्हणाले, स्वर्ग फार लांब आहे. हा भर मंडपात उठला. "मोजलं काय जी?" बुवा चष्मा पुसत राहिले. पुतण्याच्या सोयरिकीत मुलीकडचे "गाव इथून जवळच आहे" म्हणाले, तर हा बैठकीतून उठून गाव मोजायला निघाला. लग्न मोडता मोडता राहिलं. उभ्या पांढरकवड्यात त्याचं फक्त डॉक्टरांशी पटायचं, कारण ते ताप खरोखरच मोजत.

तो नोकरीला लागला मैलकुली म्हणून. सडकेचे खड्डे बुजवत, कडेच्या मैलाच्या दगडांना चुना लावत मुकादम झाला. वणीच्या रस्त्यावरचे सगळे दगड त्याने स्वतःच्या हाताने रोवलेले. एकटा राहायचा, एकटा रांधायचा. भाकरीसुद्धा वितीने मोजून थापतो, अशी आम्ही त्याची टर उडवायचो. मी तिथे कारकून होतो, आणि सगळ्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवणं हे माझं बिनपगारी काम होतं.

त्या वर्षी रोमला ऑलिंपिक झालं. मॅरेथॉन एका आफ्रिकी शिपायाने अनवाणी पळून जिंकली. बातमी ऐकून ऑफिस थक्क झालं. झिबलाजी नाही.

"त्यात छापाले काय हाय? आमी काय बूट घालून जल्मलो?" मग तो जरा अडला. "किती मैल म्हनता?"

"सव्वीस मैल, तीनशे पंच्याऐंशी यार्ड."

"सव्वीस समजलं. हे वरचे यार्ड कायले?"

मी कुठेतरी वाचलं होतं तेच सांगितलं. फार वर्षांपूर्वी विलायतेत शर्यत राणीच्या बैठकीसमोर संपावी म्हणून अंतराची ओढाताण केली, ते तसंच राहिलं. आता हा राणीचा उद्धार करणार, असं मला वाटलं.

"बाईसाठी बदलवलं?" एवढंच म्हणाला, आणि चहासुद्धा निवू दिला.

इकडे शर्यत साहेबांच्या डोक्यात शिरली. येत्या सव्वीस जानेवारीला आपल्या मैलकुल्यांची मॅरेथॉन! ऑफिसच्या फाटकात शून्याचा दगड, तिथून वणीच्या रस्त्याने अकराव्या दगडापर्यंत. सव्वीस मैल पळवले तर दुसऱ्या दिवशी खड्डे कोण बुजवणार, म्हणून अकराच. "फक्त एकदा साखळीने मोजून घ्या," साहेब म्हणाले.

"कायले मोजता, साहेब?" झिबलाजी ओरडला.

अख्ख्या ऑफिसने लेखण्या खाली ठेवल्या. जन्मभर जगाला मोजायला लावणारा माणूस साखळीला भीत होता!

साखळी धरून आम्ही दोघंच निघालो. दहा मैल तंतोतंत भरले. मी शाबासकी दिली, पण हा नुसती साखळी ओढत राहिला. अकरावा मैल पाऊणच भरला. दगड दोन फर्लांग, म्हणजे पाव मैल, आधीच येऊन उभा होता.

"झिबलाजी, हे काय?"

तो दगडाजवळ उकिडवा बसला. "मैलकुली होतो तवा, बाबूजी. माही हद्द या दगडापासून सुरू होये, अन् कामावर हद्द सोडाची मनाई. माही बायको अलीकडच्या गावातून दगडापावतर भाकर घेऊन ये. पोटुशी होती. वैशाखातलं ऊन. थे काही बोले नाही, पन तिचे सुजलेले पाय मले दिसत. त्या सालीच दगडं नवे रोवाचे होते. तिले दगडापाशी येनं होत नव्हतं, मंग मीच दगड तिच्याकडे नेला."

"मग?"

"मंग काय? बारा दिवस आली इथपावतर. बाळंतपनात दोघंही गेले." त्याने दगडावरून हात फिरवला. "साहेबाले सांगा खरं काय थे. पन मंग हा उपटा लागन. तिची बसाची जागा इथंच हाय."

इतकी वर्षं या माणसाची टर उडवली याची मला लाज वाटली.

परतल्यावर मी साहेबांना म्हटलं, "शर्यत फाटकातून नको. मागच्या जिनिंग कारखान्याच्या दारापासून सुरू करू. दोन फर्लांग वाढतील."

"ते कशाला?"

"रोमलाही वरचे यार्ड होतेच की, साहेब."

साहेबांना ते फारच आंतरराष्ट्रीय वाटलं. मी कागदावर 'शर्यतीचं अंतर बरोबर अकरा मैल' असं लिहिलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

मुकुटबनकडचा एक मैलकुली पहिला आला, अर्थात अनवाणी. लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचले. झिबलाजीने दगडाला ताजा चुना लावला होता आणि शेजारची हातभर जागा झाडून ठेवली होती. तिथे तो कोणालाच बसू देईना. साहेब टेकायला गेले, तर त्यांनाही दंड धरून उठवलं.

गर्दी पांगल्यावर मी विचारलं, "काय झिबलाजी, शर्यत नीट झाली ना?"

"झाली न जी," त्या मोकळ्या जागेकडे बघत तो म्हणाला. "रानीसमोरच संपली."