चौथ्या गाण्याची लांबी

वाचनालयाच्या मासिकात अभिप्राय छापून आल्याच्या आठव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, ‘बंद फाटक’ या मिरजेतल्या मेटल बँडच्या पहिल्या अल्बममधले चौथे गाणे रेठरेकरांच्या दारात येऊन उभे राहिले आणि आपली लांबी कमी होत असल्याची त्याने तक्रार केली.

मुकुंदराव रेठरेकर एका कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते. तक्रारदाराला दारात उभे ठेवू नये, आत घेऊन बसवून ठेवावे, हा तिथला शिरस्ता त्यांनी पाळला. गाणे दिसत नव्हते. पण पायपुसण्यावर वजन पडले आणि मग सोफ्याची डावी गादी बरीच खाली गेली.

“चहा?”

“नको, वेळ कमी आहे,” गाणे म्हणाले. “‘चौथे गाणे त्रोटक असले तरी गोड आहे.’ हे तुमचंच ना?”

“माझंच.”

“माझी लांबी एकोणीस मिनिटं होती.”

रेठरेकरांनी चष्मा पुसायला घेतला. कचेरीत छत्तीस वर्षे त्यांनी फायलीचे पहिले पान आणि शेवटचे पान वाचून टिपणी लिहिली होती. त्यात कधी चूक निघाली नाही, कारण मधली पाने दुसरेही कोणी वाचत नसे. अल्बमलाही त्यांनी तीच पद्धत लावली. पहिले गाणे ऐकले, शेवटचे ऐकले, मधल्या पाचांची नावे वाचली. चौथ्याचे नाव ‘थोडक्यात’ असे होते.

छापून आलेला पहिला अभिप्राय गाण्याला लागू होतो, हे सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या गाण्याला रेठरेकरांनी ‘भव्य’ म्हटले होते. ते तीन दिवसांत भव्य झाले आणि त्याची काही तक्रार नव्हती. चौथे मात्र रोज एक मिनिट घटत होते.

“आज अकरा उरलीत,” गाणे म्हणाले. “आणखी आठ दिवसांनी तीन. मग त्रोटक. कालपासून एक बासरीही शिरलीय.”

“बासरी कुठून?”

“तुम्ही ‘गोड’ लिहिलंत.”

रेठरेकरांनी मान खाली घातली. वरच्या मजल्यावरची ईशानी कवठेकर, त्या बँडची ड्रमर, महिन्यापूर्वी स्वतः खाली येऊन त्यांच्या हातात अल्बम आणि हेडफोन देऊन गेली होती. “काका, वाईट लिहा, चालेल. फक्त पूर्ण ऐकून लिहा,” एवढेच ती म्हणाली होती. शिवाय तिच्या आईने पाठवलेले बेसनाचे लाडूही होते. लाडू त्यांनी पूर्ण खाल्ले होते.

“तिचं काय म्हणणं आहे?” त्यांनी विचारले.

“म्हणणं कसलं? गेलेल्या मिनिटांच्या जागेशी येते, हात वर जातात, पुढचं आठवत नाही. आठ दिवस हेच चाललंय. परवा रडली.”

रेठरेकर उठले, हेडफोन लावले आणि चौथे गाणे ऐकायला बसले. गिटारी इतक्या खालच्या सुरात लावलेल्या होत्या की यार्डात मालगाडी रूळ बदलते आहे असे वाटावे. ठेका सातांचा आहे अशी खात्री पटेपर्यंत तो नऊचा होई. गाणारा मुलगा एक ओळ घशातून गुरगुरत म्हणे आणि पुढची ओळ अशी म्हणे, की आजारी माणसाच्या उशाशी बसूनही म्हणता यावी. रेठरेकरांना हे आवडले. त्याची त्यांना अधिकच लाज वाटली. मग सहाव्या मिनिटाला भिंत पडून गेलेल्या घरासारखी जागा आली. तिथे काही नव्हते. थोड्या वेळाने बासरी वाजली.

“दुरुस्ती लिहून देतो,” हेडफोन काढत ते म्हणाले. “वाचनालयाच्या फलकावर लावू. फलकावरचं छापल्यासारखंच धरतात.”

“जेवढं ऐकलंत तेवढ्याचीच दुरुस्ती होईल. मग अकरावर कायम. गेलेली आठ मिनिटं कोणीतरी ऐकून लिहिलेली पाहिजेत.”

“तसं कोण असणार?”

स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी शालिनीबाई म्हणाल्या, “हेच आहेत की. तीन वर्षं ऐकलीत. लिहूनही ठेवलीत. ट्रंकेत बघा म्हणावं.”

रेठरेकरांनी पलंगाखालची ट्रंक ओढून उघडली.

ट्रंकेत तेवीस अर्ज होते. सोसायटीच्या चिटणीसांना पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची स्थळप्रत रेठरेकरांनी जपली होती, कारण पाठवलेल्या कागदाची प्रत न ठेवणारा माणूस त्यांच्या मते कपडे न घालता बाजारात जाणाऱ्यासारखा होता. प्रत्येकाखाली ‘एक त्रस्त रहिवासी’ एवढेच होते. त्यांनी पहिला वाचायला घेतला.

“‘सायंकाळी सहा दहा ते सात पाच. वरच्या मजल्यावर प्रथम अकरा ठोके, एका ठोक्याची विश्रांती, नंतर सात. असे चाळीस वेळा. पाचव्या फेरीनंतर डाव्या पायाचा वेग दुप्पट होतो. या वेळी आमच्या कपाटातील कपबशा वाजतात.’”

सोफ्याची गादी आणखी बोटभर खाली गेली.

“पुढे वाचा,” गाणे हळूच म्हणाले.

त्यांनी तेवीसही वाचले. नवव्या अर्जात झांजा कुठे येतात ते होते, चौदाव्यात कुठे थांबतात ते. आयुष्यात कोणत्याही गोष्टीची इतकी पूर्ण नोंद आपण केली नव्हती, हे रेठरेकरांच्या ध्यानात आले.

“हे सगळं दुरुस्तीला जोडा,” गाणे म्हणाले. “आणि सह्या करा.”

“सह्या कशाला?”

“निनावी अर्ज ग्राह्य धरत नाहीत. तुम्हाला मी सांगायला नको.”

सांगायला नकोच होते. असे शेकडो अर्ज त्यांनी स्वतः केराच्या टोपलीत टाकले होते. पण या अर्जांवरूनच सोसायटीने ठराव केला होता, ईशानीला ड्रममध्ये गादी कोंबावी लागली होती आणि शेवटी ती सगळा संच टेम्पोत घालून रेल्वेमागच्या एका गोदामात घेऊन गेली होती. तेव्हा रेठरेकर जिन्यात उभे राहून “कोण असतात गं असले लोक?” असे तिला म्हणाले होते.

“उद्या बघू,” ते म्हणाले.

गाणे उठले नाही. रात्रभर सोफ्यावरच राहिले. सकाळी रेठरेकरांनी पाहिले तर गादी दोन बोटे वर आली होती.

“दहा,” गाणे म्हणाले. “आता बासरीबरोबर घुंगरूही आहेत.”

शालिनीबाईंनी पेन आणून टेबलावर ठेवले. रेठरेकरांनी तेवीस ठिकाणी पूर्ण नाव लिहून सही केली, दुरुस्तीच्या तळाशी ‘सदर गाणे न ऐकता अभिप्राय दिला होता’ असे लिहून चोविसावी केली, आणि बाराच्या आत सगळे फलकावर लागले. परत येईपर्यंत सोफ्याची गादी जमिनीला टेकली होती. गाणे आभार न मानता उठले आणि जिन्याने वर गेले. प्रत्येक पायरी वाजली.

संध्याकाळी ईशानी खाली आली. ती आत आली नाही.

“त्रस्त रहिवासी तुम्ही होय, काका?”

“होय.”

“मला वाटायचं तळमजल्यावरचे पेठे. दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही.”

“मी सांगतो पेठ्यांना. आत्ता जाऊन सांगतो.”

“ते मार्चमध्ये गेले ना.”

रेठरेकरांना हे माहीत होते. ते स्मशानातही गेले होते. त्यांनी दाराची कडी उगाच वर केली, खाली केली.

“आठवलं का सगळं?” त्यांनी विचारले.

“आठवलं. पूर्ण एकोणीस मिनिटं झालीत. फक्त तुम्ही अकरा ठोके लिहिलेत. ते तेरा होते.”

“मला अकराच ऐकू यायचे गं. दर वेळी मोजायचो.”

“पहिले दोन हलके असतात. छतातून ते खाली पोचत नसतील.” तिने दाराच्या चौकटीवर बोटांनी ठेका धरला. “आता अकराच वाजतात. मी तेरा मारले तरी.”

“दुसरी दुरुस्ती देतो.”

“दुरुस्तीला दुरुस्ती नसते, काका. तुम्हीच सांगायचा ना?”

तेही खरे होते. ती जायला वळली, दोन पायऱ्या चढली आणि कठड्यावरून वाकून म्हणाली, “तेराव्या मिनिटाला कपबशा वाजतात. ते बरं वाटतंय.”

ती वर गेली. अल्बमच्या सर्व प्रतींमध्ये तेराव्या मिनिटाला, डाव्या पायाचा वेग दुप्पट झाल्यावर, आता कपबशा वाजतात; लक्ष देऊन ऐकले तर एका कपाचा कान तुटका आहे हेही कळते. रेठरेकरांच्या घरात त्या दिवसापासून त्या वाजत नाहीत. बशीवर कप ठेवला तरी आवाज येत नाही. चहा आणून ठेवला आहे हे शालिनीबाईंना आता तोंडाने सांगावे लागते, आणि त्या नेहमीच सांगतात असे नाही.