मांगं ये, बाई

इखार सर पेशंटच्या पायाच्या अंगठ्याकडे बघून कोलोनोस्कोपी शिकवायचे.

म्हणजे समोर भला मोठा पडदा, त्यावर पेशंटचं आतडं गुलाबी रंगात झळकतंय, दुर्बीण माझ्या हातात, आणि आमचे गुरुजी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, पेशंटच्या तळपायांसमोर स्टूल टाकून बसलेले. मोजे घालू द्यायचे नाहीत. कुणी थंडी वाजते म्हटलं तर स्वतः हीटर आणून लावतील, पण पाय उघडे पाहिजेत. पडद्याकडे अधूनमधून नजर टाकायचे, बाकी सगळं लक्ष अंगठ्यावर. तो जरा वाकला की आवाज यायचा, "थांब. दुखलं त्याले. मांगं ये, बाई."

"मांगं ये" हे सरांचं ब्रीदवाक्य. सगळं जग पुढे कसं जायचं ते शिकवतं, आम्हाला मागे यायचा पगार मिळत होता. खरं तर या कामातलं मर्मच ते. आतड्याचं वळण आलं की जोर लावायचा नाही, जरा मागे यायचं, वळण सरळ होऊ द्यायचं, मग दुर्बीण आपसूक पुढे सरकते. हे मला तोंडपाठ होतं. परीक्षेत यावर मी चार पानं लिहून आले होते. फक्त ते माझ्या हातांना कुणी कळवलं नव्हतं. वळण दिसलं की माझे हात ढकलायला लागायचे.

"अवं, ढकलून काऊन राह्यली? आतडं हाय ते, बंद पडलेली यष्टी नाई."

मी मूळची वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेचीच. एमडी होऊन परत आले आणि वर्ध्याच्या एका रुग्णालयात दुर्बिणीचं काम शिकायला लागले. ही दुर्बीण नेमकी कुठून घालतात हे कळल्यावर माझ्या आईनं शेजारीपाजारी सांगून टाकलं की पोरगी पोटाची स्पेशालिस्ट होते आहे. कुणी फारच खोदून विचारलं तर ती म्हणायची, "वरच्या पोटाची."

सरांचं गाव वडनेर. त्यामुळे त्यांच्या लेखी मोठं आतडं म्हणजे वर्धा ते वडनेर हा रस्ता. पहिलं अवघड वळण म्हणजे वायगाव. त्याच्या बरंच पुढचं मोठं वळण म्हणजे हिंगणघाट. आणि मोठं आतडं जिथे संपतं ते वडनेर. सर पायांपाशी बसून विचारायचे, "कुठं आली?" आणि आम्ही एमडी झालेली माणसं गंभीर चेहऱ्यानं उत्तर द्यायचो, "सर, हिंगणघाट सोडलं."

एकदा अर्धवट गुंगीतले एक आजोबा हे सगळं ऐकून म्हणाले, "साहेब, मी वडनेरले नाई उतरत. मले पांढरकवड्याले जाचं हाय."

"पुढं रस्ता नाई काका," सर तितक्याच गांभीर्यानं म्हणाले. "हितूनच वापस."

माझ्या बरोबरीचे सगळे वडनेरला जाऊन यायला लागले. मी वायगावलाच. वायगावला मी इतका वेळ काढला आहे की तिथे मला रेशनकार्ड मिळायला हरकत नव्हती. शेवटी सर उठायचे, हातमोजे घालायचे, माझ्या हातातून दुर्बीण घ्यायचे, जरा मागे, जरा वळवून, आणि बोलता बोलता हिंगणघाट. "झालं. घे." मला इतका राग यायचा! सरांचा नव्हे, त्या आतड्याचा. माझ्याशीच कसं वाकडं वागतं?

सरांचा आणखी एक दंडक होता. पोट साफ करायचं जे औषध आपण पेशंटला पाजतो, ते शिकणाऱ्या प्रत्येकानं एकदा स्वतः पिऊन बघायचं. अख्खा भरलेला जग. मी रविवारी संध्याकाळी प्यायले. आमच्या घरी संडास एकच. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू सत्यनारायणाचं बोलावणं घेऊन आल्या आणि गप्पा मारत बसल्या. माझी विचारपूस झाली तेव्हा आई म्हणाली, "आत अभ्यास करून राह्यली." काकू कौतुकानं म्हणाल्या, "केवढा अभ्यास करते पोरगी! बाहेर म्हणून येत नाई."

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "कसं वाटलं?"

"भयंकर, सर."

"आता पेशंटले सोपं हाय म्हणू नको."

एवढं सगळं होऊनही माझं गाडं वायगावलाच अडलेलं, आणि सर महिनाअखेर निवृत्त होणार होते. "हात सुटला" असं सरांनी म्हटल्याशिवाय कुणाला एकट्यानं हे काम करता येत नसे. बाकी सगळ्यांचे हात सुटले होते. मी ज्या तालुक्याच्या दवाखान्यात रुजू होणार होते तिथे नवी दुर्बीण येऊन पडली होती, आणि तिथले पेशंट अजूनही पोट धरून नागपूरच्या गाड्या पकडत होते. सरांच्या जागी शिकवायला दुसरं कुणी यायचं नव्हतं. हात सुटला नाही तर त्या दुर्बिणीवर नुसती धूळ बसणार होती, आणि ती झटकायला मी.

सरांच्या नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी मी आत गेले, तर टेबलावर पेशंटचा हिरवा झगा घालून साक्षात इखार सर.

"दोन महिन्यांपासून रक्त जाते," ते पाऊस पडतोय म्हणावं तशा सुरात म्हणाले. "काल औषध पेलो. खरंच भयंकर हाय. चाल, हातमोजे घाल."

"सर, मी? बाजूच्या खोलीत आपले विभागप्रमुख, मोठे सर आहेत. नागपूरला तर..."

"बाकीच्यायचे हात सुटले. तूच राह्यली. दुसऱ्याच्या पोटात तुले एकटी सोडाची माही हिंमत नाई. माह्या पोटात सोडतो."

मी हातमोजे चढवायला घेतले. दोन बोटं एकाच जागी गेली.

भूल देणाऱ्या मॅडम सुई घेऊन उभ्या होत्या. सरांनी ती घ्यायला साफ नकार दिला. जागं राहून मला शिकवायचं आहे म्हणाले. मी सुरुवात केली. वायगाव आलं. माझ्या हातांनी इमानेइतबारे ढकललं. सरांच्या कपाळावर घाम फुटला, ओठ दाबले गेले, पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते "मांगं ये" म्हणाले नाहीत. त्यांना बोलवतच नव्हतं.

मी थांबले. "सर, सुई घ्या ना. पाया पडते."

त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. मग मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "सुई घेतली तं घरी न्याले सोबत माणूस लागते. नियम माह्याच हाय. पोरगं कॅनडात. सुमन होती तवा होती. आता कोणाले आणू?"

सरांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या वेळी आम्ही सगळे भेटून आलो होतो, आणि मग आपापल्या कामाला लागलो होतो.

"मी नेते सर घरी."

"मंग तू ढकलशील तं सांगन कोण?"

"मीच सांगते."

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मॅडमपुढे हात केला.

ते झोपले. मोठे सर हाकेच्या अंतरावर होते, पण हाक मारायची नाही असं मी ठरवलं होतं. मी मोठ्यानं स्वतःलाच "मांगं ये, बाई" म्हणत होते आणि सिस्टर खाली मान घालून हसत होत्या. मागे आले. पुन्हा मागे आले. आणि मग कधी नव्हे ते वळण आपणहून सरळ झालं. वायगाव गेलं, हिंगणघाट गेलं, वडनेर आलं. परतताना एक लहानशी गाठ दिसली, रक्त तिचंच होतं. ती तिथेच काढली. पुढे तपासणीत ती साधी निघाली.

दुपारी मी सरांना ऑटोतून घरी नेलं. गुंगी पुरती उतरली नव्हती. माझ्या खांद्यावर डोकं टेकून ते विचारायचे, "गेलती का शेवटपर्यंत?"

"गेले सर."

"हात सुटला तुह्या." जरा वेळानं पुन्हा, "गेलती का?" मी दर वेळी नव्यानं सांगायची. त्यांचा शब्द मला तेवढ्या वेळा ऐकायला मिळत होता, मला काय घाई होती?

घराच्या पायऱ्या मी त्यांना धरून चढवल्या. दाराला मोठं कुलूप होतं. किल्ली मागावी म्हणून मी हात पुढे केला, तर सर डोळे मिटूनच म्हणाले, "बेल वाजव. सुमन उघडन."

मला रडू आलं. पण त्यांनी सांगितलं होतं, म्हणून मी बेल वाजवली. आत ती बराच वेळ वाजली, आणि सर केस नीट करून दाराकडे तोंड करून उभे राहिले.