पुण्याला जाण्याची तालीम

आमच्या शेजारचे शिगवणकाका पुण्याला जाण्याची तालीम करतात. पुण्याला जात नाहीत, जाण्याची तालीम करतात. रविवारी सकाळी काका आणि काकू बाहेरगावचे कपडे घालून, पाण्याची बाटली, खाऊचा डबा आणि निळी बॅग घेऊन भाईंदर पश्चिमेच्या आमच्या बिल्डिंगमधून खाली उतरतात. रिक्षा करून काशीमीऱ्याला जातात आणि हायवेवर पुण्याची बस थांबते तिथे उभे राहतात. बस येते, दरवाजा उघडतो, काका काकूंना पायरीवर पाय ठेवायला लावतात, मग कंडक्टरला "नंतर येतो" म्हणून सांगतात आणि दोघं घरी परत येतात. बॅग पलंगाखाली जाते, चहा होतो, आणि काका म्हणतात, "आज एन्ट्री जरा लेट झाली."

हे मी ऐकीव सांगत नाही. त्या निळ्या बॅगेचा हमाल मीच होतो.

काका मूळचे रत्नागिरीकडचे. काशीमीऱ्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर म्हणून त्यांनी उभं आयुष्य काढलं, पण ती नोकरी त्यांच्या दृष्टीनं किरकोळ बाब. त्यांचं खरं काम प्रॉम्प्टिंग. गावच्या पालखीला त्यांचं मुंबईकर मंडळ नाटक बसवायचं आणि काका त्याचे कायमचे प्रॉम्प्टर. नायक रिटायर झाले, खलनायक आजोबा झाले, पण विंगेत बॅटरी आणि पुस्तक घेऊन उभे राहणारे शिगवण तेच. नाटकं बंद पडली तरी सवय काही गेली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी शाहभाई "मेंटेनन्स..." म्हणून श्वास घ्यायला थांबले की मागच्या खुर्चीतून आवाज येतो, "...वेळेवर भरावा." मी एकदा बायकोवर चिडून "या घरात मला..." म्हणून अडलो, तर भिंतीपलीकडून "...काडीची किंमत नाही" असं स्पष्ट ऐकू आलं. आम्ही दोघंही हसायला लागलो आणि इतकं चांगलं रंगात आलेलं भांडण वाया गेलं.

प्रॉम्प्टिंगच्या खालोखाल त्यांचं वेड म्हणजे तालीम. "एकदा तालीम करून घेऊ" हे वाक्य ते इतर लोक "बरं" म्हणतात तितक्या सहज म्हणतात. माझ्या प्रमोशनच्या इंटरव्ह्यूची तालीम त्यांच्याच हॉलमध्ये झाली. काका मोठे साहेब झाले, काकू मेथी निवडत छोट्या साहेब झाल्या. मला दरदरून घाम फुटला. प्रमोशन काही मिळालं नाही, पण काकांच्या मते माझी एक्झिट फार चांगली झाली होती.

तर या काकांनी एका संध्याकाळी मला घरी बोलावून दार लावून घेतलं. पुण्याला एक जुनं नाटक पुन्हा येत होतं. कोणतं, ते मी इथे लिहीत नाही. प्रयोग होण्याआधी नाटकाचं नाव घेतलं तर पात्र आजारी पडतं अशी काकांची श्रद्धा आहे, आणि त्या पुण्याच्या मंडळींचे अजून प्रयोग चालू आहेत.

मी म्हटलं, "काका, नाटकं बोरिवलीला लागतात, ठाण्याला लागतात, आपल्या मीरा रोडला लागतात. पुणे कशाला?"

"हे तिकडेच लागतंय. आमच्या मंडळानं केलेलं. आणि समज इथं लागलं, तरी काय रे? नाटक बघून घरी यायचं आणि हिनं कुकर लावायचा? ह्याला काय नाटक बघणं म्हणतात? एक दिवस लॉजवर राहायचं. सकाळी दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा प्यायचा."

मग ते जरा हळू बोलले. "सुधीर, हिनं आमची सगळी नाटकं ऐकली. बघितलं एक पण नाय. मी विंगेत, आणि ही स्टेजच्या मागं पात्रांच्या चहाच्या टोपाजवळ. एकदा हिला समोर खुर्चीत बसवून दाखवायचंय. एक पण एन्ट्री न चुकता."

मी ताबडतोब मोबाइल काढला, चार तिकिटं काढली, लॉजच्या दोन खोल्या घेतल्या आणि म्हटलं, "झालं प्लॅनिंग." मी मुळात आयत्या वेळी ठरवून निघणारा माणूस, आणि याचा मला अभिमान होता. असंच आयत्या वेळी निघून आम्ही महाबळेश्वरला गेलो आणि ती रात्र वाईच्या एका मंगल कार्यालयात मुलीकडचे म्हणून काढली. बोरिवलीला एक रहस्यनाटक मी दुसऱ्या अंकापासून पाहिलं. खून कोणी केला ते मला माहीत आहे, कोणाचा झाला ते आजतागायत कळलेलं नाही. अशा माणसाच्या तोंडून "झालं प्लॅनिंग" ऐकून काका शांतपणे म्हणाले, "तिकिटं झाली. आता तालीम."

त्या तालमी पुढे कितीतरी रविवार चालल्या. आमची ही दुसऱ्या रविवारीच बाहेर पडली. "मी तालमीतच दमले, प्रयोगाला तुम्ही जा," म्हणाली आणि सोफ्यावर आडवी झाली. मला ते जमलं नाही, कारण बॅग माझ्याकडे होती. बॅगा खरं तर दोन होत्या, एकाच दुकानातून घेतलेल्या, दोन्ही निळ्या. एक प्रयोगाची, तिच्यात कपडे आणि सगळं खरं सामान. ती कपाटापाशी तयार असायची, तिला हात लावायचा नाही. दुसरी तालमीची. तिच्यात जुने पेपर आणि काकूंचा लोखंडी खलबत्ता.

"खलबत्ता कशाला, काका?"

"वजन खरं पायजे. हलकी बॅग उचलायची सवय झाली की प्रयोगाच्या दिवशी खांदा दगा देतो."

नया नगरचे सलीमभाई आमचे ठरलेले रिक्षावाले. तिसऱ्या-चौथ्या फेरीला त्यांना राहवेना. त्यांनी आरसा माझ्याकडे वळवला. "भाईसाब, बुरा मत मानना. हर इतवार आप लोग बॅग लेके काशीमीरा आते हो, बस को देखते हो, वापस जाते हो. कुछ लफडा है क्या?" मी म्हटलं, "नाटक है." ते म्हणाले, "वो तो दिख रहा है."

पुढे प्रकरण टेरेसवर गेलं. काका मधेच एकटे पुण्याला जाऊन नाट्यगृह आणि लॉज बघून आले. म्हणजे पुण्याला जाण्याची तालीम नीट व्हावी म्हणून हा माणूस खरोखर पुण्याला जाऊन आला! येताना त्यांनी डोक्यात सगळा नकाशा आणला आणि टेरेसवर विटा मांडून पायऱ्या केल्या, सोसायटीच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा लावल्या. तिन्हीसांजेला टेरेसचा दिवा बंद करायचे आणि काकूंना दारापासून खुर्चीपर्यंत चालायला लावायचे. काकू एकेका खुर्चीच्या पाठीला हात लावत जायच्या. कधी विटेला ठेच लागली की काका ओरडायचे, "परत पहिल्यापासून!"

शाहभाई वर आले. "शिगवणभाई, ये सब सूं छे? फंक्शन है तो बोलने का ना सोसायटी को."

"फंक्शन नही, शाहभाई. अंधार का प्रॅक्टिस है."

सगळी बिल्डिंग हसली. मी तर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विटांसकट नक्कल करून दाखवायचो आणि वर माझ्या चहाचे पैसे कोणीतरी भरायचं. शिगवणकाका वेडे आहेत यावर आमचं एकमत होतं. काकूंकडे मात्र कोणाचं लक्षच नव्हतं.

शेवटी प्रयोगाचा शनिवार उजाडला. सलीमभाईंनी विचारलं, "आज जाना है या आना है?" बस आली, काकूंनी सराईतासारखा पाय ठेवला आणि या वेळी काकाही चढले. कंडक्टर ओळखीचं हसला. मी बॅग खांद्याला लावून रुबाबात मागून चढलो. खांद्यानं जराही दगा दिला नाही.

पुण्याला लॉजवर पोचलो. काकूंनी तोंड धुतलं, म्हणाल्या, "बाबा, जरा बॅग उघड. नवीन साडी वरतीच हाय."

मी चेन उघडली. वर मागच्या वर्षीचा पेपर होता. खाली आणखी पेपर होते. सगळ्यात खाली खलबत्ता.

"काका, ती... ती प्रयोगाची बॅग..."

"...घरी राहिली," काका म्हणाले.

इतके रविवार जी बॅग उचलली, तीच माझ्या हातानं त्या सकाळीही उचलली होती. सगळ्या नाटकमंडळीत तालमीचा परिणाम फक्त माझ्यावर झाला होता. काकू हसत सुटल्या. "असूंदे रे. खलबत्ता आलाय तर चटणी तरी करते. साडी काय, अंगावर हाय तीच बरी."

काका हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला दंडाला धरून त्यांनी बाहेर गॅलरीत नेलं.

"हिचे डोळ्यांचे थेंब होते त्यात."

"कसले थेंब?"

"काचबिंदू. दोन वर्षं झाली. बाजूचं दिसत नाय तिला. समोरचं दिसतं, तेवढंच. डॉक्टर म्हणाला, गेलेलं परत येत नाय, हाय ते सांभाळा. म्हणून तर म्हटलं, समोरनं दिसतंय तोवर समोरनं दाखवू."

मला त्या विटा आठवल्या, खुर्च्यांच्या पाठीवरनं फिरणारा काकूंचा हात आठवला. "काका, मग सांगायचं ना. आम्ही सगळे किती हसलो तुम्हाला."

"हसा की. मला येडा म्हटलात तर माझं काय जातंय? ती ठेचकाळली तर लोक म्हणायचे, शिगवण काय काय करायला लावतो बघा. तिच्याकडं कोणी बघत नव्हतं. बरं होतं ते." मग एकदम प्रॉम्प्टरच्या आवाजात म्हणाले, "तू बघत काय राहिलास? जा!"

मी जिने उतरता उतरता बायकोला फोन लावला. तिनं आमच्याकडे ठेवलेली काकांच्या घरची किल्ली घेऊन कपाटापाशी ठेवलेली खरी बॅग उघडली आणि थेंबांच्या बाटलीचा आणि डॉक्टरच्या कागदाचा फोटो पाठवला. वर लिहिलं, "शेवटी बॅग पण आयत्या वेळी?" मी कॉलेजनंतर पहिल्यांदाच रस्त्यानं धावलो. पहिल्या मेडिकलमध्ये ते थेंब नव्हते, दुसऱ्यात नव्हते, पुढच्या चौकात मिळाले. परत आलो तेव्हा मला इतकी धाप लागली होती की काकूंनी मलाच आधी बसवून पाणी दिलं. काकांनी हात धुतले, काकूंची हनुवटी वर केली आणि एकेक थेंब असा अचूक सोडला की एकही गालावर आला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्याची तालीम रोज होते."

नाट्यगृहात आम्ही तिसऱ्या घंटेला शिरलो. दिवे जात होते. मी घाबरून काकूंचा हात धरायला पुढे झालो, तर काकांनी मला मागे ओढलं. काकू एकट्या पुढे गेल्या. पायऱ्या उतरल्या, रांग आली तशा वळल्या, खुर्च्यांच्या पाठीला बोटं लावत सरळ आपल्या जागेवर जाऊन बसल्या. कुठे अडखळल्या नाहीत. आजूबाजूच्या कोणाला काही जाणवलंसुद्धा नाही. त्यांच्यामागे दोन्ही हात अर्धवट पुढे करून चालणारे काका तेवढे विचित्र दिसत होते. अंधारात ठेचकाळलो फक्त मी.

पडदा उघडला. काकू पुढे झुकल्या आणि मान अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत त्यांनी सगळं स्टेज पाहून घेतलं. मग माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाबा, इथं खिडकी हाय. बाहेर झाड पण हाय."

"हो, काकू."

"मला मागनं नुसते बांबू दिसायचे. इतकी वर्षं वाटायचं, नाटकातली ती बाई भिंतीशी बोलते."

मी उगाचच खोकलो.

थोड्या वेळानं मला काकांची कुजबुज ऐकू यायला लागली.  जे व्हायला नको तेच होणार, हा माणूस पुण्याच्या नटांना वाक्यं पुरवणार आणि आपल्याला बाहेर काढणार! पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वळून "श्श" केलं. मी काकांना गप्प करायला वाकलो आणि मग मला शब्द ऐकू आले.

"आता उजवीकडनं, गो."

काकूंनी मान उजवीकडे वळवली. क्षणभरानं उजव्या विंगेतून म्हातारा आला.

"तो जाईल. आता डावीकडं बघ. सावकाश."

काकूंनी डावीकडे पाहिलं, आणि पात्र त्यांच्या नजरेसमोर स्टेजवर आलं. वाक्य एकाचंही काका सांगत नव्हते. नाटक त्यांना पाठ होतं, आणि प्रत्येक एन्ट्रीच्या आधी ते फक्त बाजू सांगत होते. त्यांची स्वतःची नजर स्टेजवर नव्हतीच, ती सगळा वेळ काकूंच्या चेहऱ्यावर होती. म्हणजे एवढा खटाटोप करून काकांनी हेही नाटक पाहिलं नाही ते नाहीच. मला त्या माणसाचा मनापासून हेवा वाटला.

पुढचे गृहस्थ पुन्हा वळले. चांगलेच तापले होते. "अहो, यांना जरा सांगा ना. काय चाललंय हे?"

"माफ करा," मी म्हटलं, "पण ते प्रॉम्प्टर आहेत."

गृहस्थांनी काकांकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं, आणि ते पुढे वळले.

"डावीकडनं," काका कुजबुजले.

काकूंनी मान वळवली. मीही वळवली. थोड्या वेळानं पाहिलं, तर पुढचे गृहस्थही डावीकडेच बघत होते.