तळघरातले पाहुणे

"मुली, इथं दहा म्हणजे सव्वादहा. मधली पंधरा मिनिटं विद्यापीठाची. त्यांत देवानंही येऊ नये."

चाळीस वर्षांपूर्वी दहाच्या ठोक्याला धापा टाकत वर्गात शिरलेल्या गुनवोरला म्हाताऱ्या आल्मक्विस्ट सरांनी हे ऐकवलं होतं. तो खर्जातला आवाज तिच्या अंगात मुरला, मेंदीचा रंग तळव्यात उतरावा तसा. आता स्वीडनमधल्या त्याच छोट्या विद्यापीठाचं परदेशी खातं ती सांभाळत होती.

आज अमेरिकेत नेब्रास्कातल्या एका विद्यापीठाशी करार व्हायचा होता. तीन वर्षं पत्रं लिहून लिहून तिनं ही सोयरीक जुळवली होती. नऊ मुलांच्या वर्षभराच्या जागा तिच्यावर टांगलेल्या. आज सह्या झाल्या नाहीत, तर सोमवारी त्या जागा डेन्मार्कला जायच्या. "माझ्या हातून मुहूर्त चुकत नसतो," असं तिनं सगळ्या खात्याला आदल्या दिवशीच बजावलं होतं. निमंत्रणात तिनं लिहिलं, 'दहा वाजता.' वरच्या पंधरा मिनिटांचं लिहायचं तिला सुचलंच नाही. पाणी ओलं असतं, हे कुणी लिहितं का?

पावणेदहाला सगळं खातं वेलचीचे पाव आणि कॉफी घेऊन बसलं होतं. दारात दोन माणसं आली. ठेंगणी बाई, हातात पेटी. उंच पुरुष, खिशात चार पेनं. गुनवोरचा चेहरा उजळला. झेरॉक्स यंत्र दुरुस्त करणाऱ्यांची ती तीन आठवडे वाट पाहत होती. ते नेहमी परदेशीच असत, म्हणून पाहुण्यांनी तोंड उघडायच्या आत ती इंग्रजीतच म्हणाली, "आलात एकदाचे. तळघरात आहे ते. कागद गिळतंय. जिना डावीकडे." आणि दार लावून घेतलं. कॉफीच्या वेळी कॉफी.

सव्वादहाला कुलगुरू सिक्स्टेन आला. झेंडे, खुर्च्या, सगळं सज्ज. फक्त पाहुणे नाहीत. साडेदहा झाले. तापल्या तव्यावरच्या थेंबासारखी गुनवोर खिडकीतून दाराशी, दारातून खिडकीशी.

"रुसले असतील," सिक्स्टेन म्हणाला. "सकाळी खायला काय दिलंस त्यांना?"

"हॉटेलनं आंबवलेला मासा दिला असेल."

"मग परतच गेले असतील."

तेवढ्यात शिपाई ऊवे खालून आला. "गुनवोरबाई, यंत्र सुरू झालं बरं का. माणूस भारी आहे. टायला शाई लागली तरी हटला नाही. बाई बॅटरी धरून उभ्या आहेत. आणि तुमच्या टेबलावर ठेवलाय ना, तसलाच अमेरिकेचा झेंडा दोघांच्या कोटाला टोचलाय."

गुनवोर जिन्याकडे वळली.

सगळे तळघरात धावले. यंत्रापाशी नेब्रास्काच्या विद्यापीठप्रमुख लोरेटाबाई आणि त्यांचे वकील वेंडेल उभे होते. सिक्स्टेन गहिवरला. "याला म्हणतात माणसं. आल्या आल्या कामाला हात लावला." गुनवोर यंत्राचं झाकण पुसू लागली. लोरेटाबाई तिच्याकडे पाहून मंद हसल्या.

वेंडेलच्या बोटांची शाई निघेना, तेव्हा सह्या एकवर ढकलल्या. सिक्स्टेनची आगगाडी एक पंचविसाची. पुढं तो महिनाभर बाहेर. त्यानं सगळ्यांना दटावलं, "त्यांच्यात एक म्हणजे एक." तिकडे ऊवेनं पाहुण्यांना हळूच सांगितलं, "आमच्यात एक म्हणजे सव्वा एक."

एकला यजमान ताठ बसले. पाहुणे बागेतल्या बाकावर घड्याळ पाहत, यजमानांचा मान राखत बसले. एक दहाला सिक्स्टेन उठला. "आता मात्र खरंच रुसले," म्हणाला आणि बॅग उचलून चालू लागला.

सव्वाच्या ठोक्याला पाहुणे हसत आत आले. गुनवोर करार तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरून स्टेशनाच्या उतारावर धावत सुटली. मागं लोरेटाबाई, त्यांच्या मागं वेंडेल. सिक्स्टेननं डब्याच्या पायरीवरून, वेंडेलच्या पाठीवर कागद टेकवून सही केली. दार लागलं. गाडी गेली.

लोरेटाबाईंनी पेन उघडलं आणि तसंच धरून ठेवलं.

"गुनवोर, तीन वर्षं चेहरा न बघता आपण एकमेकींना सगळं लिहिलं. अगदी माझ्या आईचा गुडघासुद्धा. मग सकाळी मला तळघरात का पाठवलंस?"

"मी म्हटलं यांना," वेंडेल म्हणाला, "पाहुण्याला आधी कामाला लावायची इथली रीत असेल."

'हो' गुनवोरच्या जिभेच्या टोकावर आला. एक अक्षर, आणि नऊ मुलं पलीकडच्या काठाला. पण समोरचे ते पत्रांतल्या ओळखीचे डोळे...

"रीत नाही, बाई. मला तुम्ही यंत्र दुरुस्त करणारे वाटलात. आमच्याकडे वेळेआधी दुसरं कुणी येतच नाही."

लोरेटाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, कागद तिच्याच पाठीवर टेकवला आणि सही केली.

वेंडेलचा मात्र चेहरा पडला. "सांगू की नको असं झालं होतं," तो म्हणाला. "जेवणाआधी मी दुसऱ्या मजल्यावरचं यंत्रही खोललंय. ते अजून जुळवायचंय."